आमच्याकडं अधीक्षक पाहिजे

कुठल्याही ऑफिसात एखादी खुर्ची रिकामी झाली की तिच्यावर धूळ बसायच्या आधी किस्से जमायला लागतात. आमच्या संस्थेतली अधीक्षकाची खुर्ची जवळजवळ वर्षभर रिकामी होती, त्यामुळं आमच्याकडं किस्स्यांना तोटा नाही. म्हणजे अगदी रिकामी नव्हती, तिच्यावर मी बसलो होतो. पण प्रभारी माणसाला कुणी हिशेबात धरत नाही.

आधी जागा सांगतो. नळदुर्गच्या पुढं, हायवेला लागून आमचं गाव. नगरपालिका आहे म्हणून शहर म्हणायचं. एका मैदानाच्या तीन बाजूंना संस्थेच्या तीन शाळा: मराठी, उर्दू आणि कन्नड. तिन्हींवर मिळून एक अधीक्षक. मराठी शाळेचा मुख्याध्यापक मी, उर्दूचा मुजीब काझी आणि कन्नडच्या हिरेमठ बाई. मधल्या सुट्टीत आम्ही तिघं मराठी शाळेच्या स्टाफरूममध्ये खिडकीजवळच्या टेबलावर जमायचो. काझी मला माणक्या म्हणायचा, मी त्याला मुज्या म्हणायचो आणि बाई दोघांना मिळून 'तुमाला अक्कल न्हाय' म्हणायच्या. घरी माझं कुणी नाही. बायको गेली, मुलगी हैदराबादला नोकरीला आहे. दिवसभरात माणसासारखं जे काही बोलणं व्हायचं ते त्या टेबलावरच.

*

जुने अधीक्षक निवृत्त होऊन लातूरला मुलाकडं गेले. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब यांनी आम्हा तिघांना बोलावून घेतलं. आबासाहेब म्हणजे पांढरं धोतर, मोठा आवाज आणि निर्णय आधीच झालेला.

"नवा माणूस मिळंपतोर चार्ज कोण घेतंय?"

काझी म्हणाला, "मला बीपी हाय, आबासाहेब."

बाई म्हणाल्या, "माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात."

मी विचार करत राहिलो. मला बीपी नव्हतं, आणि सासूबाईही नव्हत्या.

"झालं मग," आबासाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बसून काही सह्या केल्या आणि मधल्या सुट्टीत नेहमीसारखा स्टाफरूमकडं निघालो. बाहेरपर्यंत हसणं ऐकू येत होतं. एक तरुण शिक्षक कुणाची तरी नक्कल करत होता आणि काझी टेबलावर हात आपटून हसत होता. मी आत पाऊल टाकलं आणि सगळं एकदम बंद झालं. सगळे उठून उभे राहिले.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काही न्हाय सर, असंच," काझी म्हणाला.

मी मागं वळून बघितलं. मला वाटलं, आबासाहेब आलेत. मागं कुणीच नव्हतं.

*

जाहिरात द्यायची ठरली. आबासाहेबांचं म्हणणं, तीन शाळांचा अधीक्षक म्हणजे त्याला तिन्ही भाषा अस्खलित यायलाच हव्यात. तसं छापलं. पंधरवडा गेला, एकही अर्ज नाही. मग 'अस्खलित' काढून 'उत्तम' घातलं. तरी कुणी नाही. मग 'उत्तम' काढून 'कामापुरत्या' घातलं.

तेव्हा एक अर्ज आला. निवृत्त पोलीस अधिकाऱ्याचा. भाषांच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: 'मराठी, उर्दू आणि कन्नड या तिन्ही भाषांतून कबुलीजबाब घेण्याचा प्रदीर्घ अनुभव.'

आबासाहेबांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. म्हणाले, "मुलाखतीला बोलवा. ह्यो माणूस रिझल्ट देईल."

हिरेमठ बाईंनी तो अर्ज हळूच काढून घेतला आणि पर्समध्ये ठेवला. नंतर आबासाहेबांनी कितीदा विचारलं तरी तो कुणाला सापडला नाही.

*

मग पुण्याहून एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात लॅपटॉप. त्यांनी भिंतीवर 'व्हिजन' दाखवायला सुरुवात केली. पहिलं चित्र आलं, दुसरं आलं आणि लाइट गेली. आमच्याकडं त्यात विशेष काही नाही. पण ते भिंतीकडं बोट करून अंधारातही बोलत राहिले, तेव्हा माणूस चिवट आहे असं आमचं मत झालं. मी तर मनातल्या मनात केबिनमधलं माझं सामान गोळा करायला लागलो होतो.

शेवटी त्यांनी विचारलं, "वीकली ऑफ कधी असतो?"

मी सांगितलं, "मराठी आणि कन्नड शाळा रविवारी बंद. उर्दू शाळा शुक्रवारी बंद, रविवारी चालू."

"ते कळलं. अधीक्षकांचा कधी?"

आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. आधीच्या अधीक्षकांनी ही गोष्ट कधी विचारलीच नव्हती. रविवारी उर्दू शाळा, शुक्रवारी बाकीच्या दोन. माणसाला घरी बसायला दिवसच उरत नव्हता. इतके दिवस खुर्चीवर बसूनही माझ्या हे लक्षात आलं नव्हतं, कारण रविवारी घरी बसून मी करणार तरी काय होतो?

बाईंनी सावरून घेतलं. "सुट्ट्या लई हायत हो. दिवाळी, ईद, बसवजयंती, सगळ्याची सुट्टी. फक्त त्या दिवशी तिन्हीकडं जेवायला जावं लागतंय."

पुण्याच्या गृहस्थांनी लॅपटॉप मिटला. लाइट तेव्हाच आली.

*

एक उमेदवार सकाळी लवकर पोचले. कडक शिस्तीचे म्हणून त्यांचं नाव होतं. आमच्याकडं सकाळी तिन्ही शाळांचा परिपाठ एकाच वेळी सुरू होतो. एका कोपऱ्यातून प्रार्थना, दुसऱ्यातून दुआ, तिसऱ्यातून कन्नड वचनगीत, आणि तिन्हींचे माइक पूर्ण आवाजात. आम्हाला सवय आहे. मराठी शाळेतल्या पोरांना दुआ पाठ आहे आणि उर्दू शाळेतली पोरं कन्नड वचन गुणगुणत घरी जातात. नवख्या माणसाला मात्र मैदानात भांडण लागलंय असं वाटतं.

मुलाखतीत ते म्हणाले, "आल्या आल्या हे पहिलं बंद करीन. तिन्ही शाळांचा एकच परिपाठ. एकच माइक."

काझी म्हणाला, "बहोत खूब. मग माइक कुणाच्या हातात?"

"अर्थातच माझ्या."

आबासाहेबांचा आवाज मोठा असला तरी कान शाबूत होते. ते उठून उभे राहिले आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "चहा घेतल्याबिगर जाऊ नका."

*

सगळ्यात चांगल्या उमेदवार अक्कलकोटकडच्या पाटील मॅडम. घरची भाषा कन्नड, शिक्षण मराठीत आणि लहानपण उर्दू बोलणाऱ्या मोहल्ल्यात गेलेलं. मैदानातून चालताना एका पोराला मराठीत रागावल्या, दुसऱ्याला उर्दूत समजावलं आणि तिसऱ्याची कन्नडमधून चौकशी केली. काझी माझ्या कानात म्हणाला, "मिळाला की तुमचा माणूस, सर." मला इतका आनंद झाला की त्या 'सर'चंही काही वाटलं नाही.

आबासाहेबांनी जागेवर होकार दिला. मॅडम म्हणाल्या, राहायची जागा बघते. अधीक्षकांचं क्वार्टर मैदानाच्या पार टोकाला आहे. तीन खोल्या, पुढं ओसरी, मागं बाभळी. मी कुलूप उघडून दाखवलं. खोल्या बघून त्या ओसरीवर आल्या आणि शाळांकडं बघत उभ्या राहिल्या. शाळा सुटली होती. मैदानात कुणी नव्हतं.

"संध्याकाळी इथं बोलायला कोण असतं?"

मी खरंच विचार केला. कोण असतं? मी गेले कित्येक महिने केबिनला कुलूप लावून याच मैदानातून एकटा घरी जात होतो.

"समोर पाण्याची टाकी आहे," मी म्हणालो.

मॅडम संध्याकाळच्या बसनं गेल्या त्या परत आल्याच नाहीत. आबासाहेब माझ्यावर जाम भडकले. "मास्तर, आयुष्यभर पोरांना निबंध शिकवला. एक वाक्य चांगलं बोलता आलं न्हाय?"

*

त्यानंतर मी कुणालाही मुलाखतीला बोलवायला लागलो. बिदरचे एक गृहस्थ आले. शाळेचा एवढा अनुभव असून त्यांना पोरांचा आवाज सहन होत नव्हता. त्यांनी पहिल्याच प्रश्नाला हे सांगून टाकलं, त्यामुळं मुलाखत लगेच आटपली. त्यांची बस सकाळची होती. त्यांना लॉजवर सोडायला निघालो, पण वाटेत बोलणं निघालं आणि मी गाडी नळदुर्गकडं वळवली. किल्ला दाखवला. हायवेच्या धाब्यावर जेवायला नेलं. त्यांचीही बायको गेलेली. पोळी गरम असताना खायची की गार झाल्यावर, यावरून ते आणि त्यांची बायको आयुष्यभर भांडले होते. आता गरम पोळी करून घालायला कुणी नाही आणि भांडायलाही कुणी नाही, असं ते सांगत होते. मी ऐकत होतो. मग मी सांगत होतो आणि ते ऐकत होते. बाजूनं ट्रक जात होते आणि आमचं ताटातलं तसंच राहिलं होतं. फार दिवसांनी बरं वाटलं.

सकाळी स्टँडवर ते म्हणाले, "सर, पुन्हा जाहिरात निघाली तर कळवा. मी येईन."

"नोकरी मिळणार नाही," मी म्हणालो.

"माहीत आहे की."

काझीनं हे ऐकलं तेव्हा तो म्हणाला, "सर, तुम्ही उमेदवार बोलवताय का पाव्हणे?" बघा! थट्टा करतानासुद्धा अहोजाहो.

*

ईदचं सांगायलाच पाहिजे. दर ईदला मी काझीच्या घरी मागच्या दारानं जायचो. स्वयंपाकघरात पाटावर बसायचो आणि भाभी वाडग्यात शीरखुर्मा ओतता ओतता मुजीबच्या तक्रारी सांगायच्या. ते ऐकल्याशिवाय मला ईद झाल्यासारखी वाटायची नाही.

यंदा काझी दारातच उभा होता. मला हाताला धरून पुढच्या बैठकीत नेलं. तिथं नवीन चादर घातलेला सोफा, टीपॉयवर काचेचे वाडगे, आणि सोफ्यावर आधीच बसलेले आबासाहेब. आबासाहेबांनी एक घास खाल्ला, शेजारच्या घरी जायचंय म्हणून निघून गेले आणि मी त्या लांबलचक सोफ्यावर एकटा उरलो. आतून भाभींचा आवाज येत होता. कुणाला तरी त्या मुजीबची तक्रार सांगत होत्या आणि आत सगळे हसत होते.

जरा वेळानं काझीची पुतणी ट्रे घेऊन आली. "चाचींनी विचारलंय, साहेबांना आणखी पाहिजे का?"

मी म्हणालो, "नको, साहेबांचं पोट भरलं."

*

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आबासाहेबांनी केबिनमध्ये येऊन माझ्या पाठीवर थाप मारली. "मास्तर, आता शोधाशोध बास झाली. जूनपतोर कुणी भेटलं न्हाय तर तुमालाच कायम करून टाकतो. नशीब काढलं तुमी."

सगळ्या स्टाफनं अभिनंदन केलं. कुणीतरी पेढे आणले. मी पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवला. प्रभारी म्हणजे काही दिवसांची गोष्ट, असं म्हणत मी वर्ष काढलं होतं. आता निवृत्त होईपर्यंत ती केबिन, ते ओळीनं उभं राहणं, आणि माझ्या पावलांचा आवाज आला की थांबणारं हसणं.

पुढच्या रविवारी उर्दू शाळा चालू होती. वर्ग सुटेपर्यंत मी काझीच्या ऑफिसबाहेर उभा राहिलो. तो बाहेर आला. "काय सर, काही काम?"

"मुज्या," मी म्हणालो, "मला टेबलावर परत यायचंय."

काझी पायरीवर बसला आणि मलाही हाताला धरून बसवलं.

"आम्ही मुद्दाम न्हाय केलं रे," तो म्हणाला. "नवीन पोरं बघत असतात. आम्हीच तुला अरेतुरे केलं तर तुझं ऐकणार कोण? तुझी इज्जत राहावी म्हणून केलं."

"राहिली की इज्जत," मी म्हणालो. "तेवढीच राहिली."

दुसऱ्या दिवशी आबासाहेबांच्या टेबलावर एक अर्ज होता. मुजीब काझी याचा.

*

मुलाखत रीतसर झाली. आबासाहेबांना रीत लागते. समोर काझी, इकडं आबासाहेब, मी आणि बाई.

"तुमचं बीपी कसं हाय?" आबासाहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला.

"ते गेल्या वर्षीचं होतं."

"आमच्या संस्थेबद्दल तुमाला काय माहिती हाय?"

"तुमच्या नातवाला मी उर्दूत दोनदा नापास केलं, आबासाहेब, आणि तरी मला कुणी काढलं न्हाय. एवढी माहिती बास हाय."

आबासाहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. नेमणूक झाली.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं वर्षभरानं टेबलावर बसलो. काझी सारखा बोलत होता. बाईंनी बजावलं, "मुजीब, तुमी साहेब झाला म्हणून आमाला विसरायचं न्हाय."

"विसरतोय व्हय?" काझी म्हणाला. "आणि ऐक माणक्या, मी आत बसलो काय, बाहेर बसलो काय, तू मला मुज्याच म्हणायचं. पोरं ऐकू देत, आबासाहेब ऐकू देत. कसम खा."

मी त्याचा हात हातात घेतला. "तर काय! तुला सर म्हणायला मी काय वेडा आहे? माझ्यावर जी वेळ आली ती मी तुझ्यावर येऊ देईन होय?"

बाई म्हणाल्या, "तुमाला दोघांनाबी अक्कल न्हाय." आम्ही तिघं खिडकी हलेल इतके हसलो.

*

शाळा सुरू झाली. पहिला आठवडा कसा गेला कळलंच नाही. मी पुन्हा टेबलावर होतो. तरुण शिक्षक हळूहळू माझ्यासमोर नकला करायला लागले, माझीसुद्धा केली. बाई पूर्वीसारख्या रागवायला लागल्या. काझी तेवढा नव्हता. त्याला वेळच मिळत नसेल, असं मी म्हणायचो. शुक्रवारी नमाजला जाऊन तो तसाच केबिनमध्ये परतायचा. तिथला पंखा चालू झालेला आम्हाला टेबलावरून दिसायचा. आपण जाऊन यावं असं रोज वाटायचं, आणि त्याचं काम अडेल म्हणून रोज राहून जायचं.

एका रविवारी दुपारी मी घरी आडवा पडलो होतो. फोन वाजला. काझी होता.

"काय करतोयस?"

"काही नाही."

"शाळेत ये की."

"काही विशेष?"

"ये तर."

मी शर्ट घालून निघालो. मैदानात उर्दू शाळेची पोरं खेळत होती. केबिनचं दार अर्धं उघडं होतं. काझी खुर्चीत ताठ बसला होता. समोरचं टेबल रिकामं होतं, त्यावर कागदसुद्धा नव्हता. मला बघून त्याचा चेहरा फुलला.

"दार लावून घे," तो म्हणाला.

मी दार लावलं.

"बस."

मी बसलो. खुर्चीच्या पुढच्या कडेवर, पाय जुळवून बसलो. काझी माझ्याकडं बघत होता. मी टेबलाकडं बघत होतो. त्यानं घरचं विचारलं, मी ठीक म्हणालो. मी भाभींचं विचारलं, त्यानं 'मजेत हाय' म्हटलं. बाहेर पोरांचा कल्ला चालला होता. तो मी काही बोलेन याची वाट बघत होता, ते मला स्पष्ट कळत होतं. मला त्याला नावानं हाक मारायची होती. जिभेवर आलं होतं.

"काही काम होतं का, सर?" मी म्हणालो.